तांबूसाठी घातलेलं गाऱ्हाणं

माझी नात मिहिका सध्या घरात कुणाला सुखाने जेवू देत नाही. ताटं वाढली की मोबाइल पुढे करते. त्यात एक कुत्रा असतो, लांब तांबूस केसांचा, कानांवर बट सोडल्यासारखा. "आजी, आयरिश सेटर. कसला क्यूट आहे ना यार!" मुलुंडला चौदाव्या मजल्यावर आमचं घर, दोन बेडरूम आणि एक बाल्कनी, त्या बाल्कनीत वॉशिंग मशीन. मुलगा म्हणतो नको. सून म्हणते बघू, आणि तिच्या 'बघू'चं 'हो' कसं करायचं हे मिहिकाला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. शेवटी सगळ्यांनी ते माझ्यावर ढकललं, कारण या जातीचा कुत्रा पाळलेलं माणूस घरात एकच, ते म्हणजे मी. पाळला म्हणणंही जरा जास्तच झालं. एक महिना होता तो आमच्याकडे. पण शाळेची अख्खी वर्षं पुसट झाली तरी तो महिना मला जसाच्या तसा आठवतो. म्हणून मी मिहिकाला म्हटलं, थांब बाई, आधी लिहून काढते, मग सांगते.

तेव्हा आम्ही भांडुपला राहायचो, टेकडीच्या पायथ्याशी एका बैठ्या चाळीत. दोन खोल्या, वर माळा, त्यावर मंगलोरी कौलं. माणसं चार. बाबा साकीनाक्याला एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. आई शाळेत शिकवायची. मी पंधरा वर्षांची. आणि आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचा नवरा वारल्यावर बाबा तिला गावाहून 'चार दिवस' म्हणून घेऊन आले होते, ते चार दिवस कधी संपलेच नाहीत. इतकी वर्षं मुंबईत काढून ती मालवणी सोडून दुसरं काही बोलली नाही. भाजीवाला भैय्यासुद्धा तिच्याशी मालवणीत भाव करायला शिकला होता. पहाटे तिच्या स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज हेच आमचं घड्याळ. मग पेजेचा वास, आणि दुपारी कुळथाच्या पिठीचा. सुका बांगडा भाजला की तो वास शेजारच्या तावडेकाकींच्या घरी आमच्याआधी पोचायचा.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी पळणारी मुलगी होते. शर्यतीत वगैरे नाही, उगाचच. दूध आणायला पाठवलं तरी पळत जायची. मागची टेकडी मला हाताच्या रेषांसारखी पाठ होती. पण आदल्या वर्षी कधीतरी घरात एक वाक्य बोललं गेलं, "आता तू मोठी झालीस", आणि टेकडी बंद झाली. शाळा ते घर, घर ते शाळा. आई वाईट नव्हती, तिला चाळीतल्या तोंडांची भीती होती. मला त्या वेळी ती सरळसरळ वाईट वाटायची.

तर बाबांच्या कारखान्यातल्या एका मोठ्या साहेबांची बदली दूर कुठेतरी झाली. त्यांच्याकडे हा कुत्रा होता, दोन वर्षांचा. नव्या जागी नेता येणार नव्हता. शहापूरकडे त्यांच्या मित्राची आमराई होती, तिथे पाठवायची सोय होती, पण साहेबांना वाटत होतं की मुंबईतच एखादं प्रेमळ घर मिळालं तर बरं. त्यांनी स्टोअरमध्ये येऊन विचारलं तेव्हा बाकी सगळे जमिनीकडे बघू लागले. बाबांना जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नाही. साहेब म्हणाले, "महिनाभर ठेवून बघा. जमलं तर तुमचा. नाही जमलं तर जायच्या आधी मीच त्याला शहापूरला सोडून येतो." बाबांनी घरी विचारलंच नाही. शनिवारी कारखान्याच्या टेम्पोतून थेट कुत्रा घेऊनच उतरले.

"अहो, हे काय आणलंत?" आई दारातच उभी राहिली. "कुत्रा की वासरू?"

"जात चांगली आहे म्हणाले साहेब."

"जात चांगली आहे, पण तो झोपणार कुठे? तुमच्या डोक्यावर?"

आत्या आतून पदराला हात पुसत आली. कुत्र्याने तिच्या दोन्ही खांद्यांवर पंजे ठेवले आणि तिचं कुंकू नसलेलं कपाळ चाटलं. आम्हाला वाटलं आता काही खरं नाही. पण आत्या हसायला लागली. तिलाही गावचं वासरूच आठवलं. "मेलो तांबडो बघ कसो, आमच्या पाड्यासारखो!" साहेबांनी सांगितलेलं इंग्रजी नाव त्याच क्षणी संपलं. तो तांबू झाला.

पहिल्या आठवड्यात त्याने घराची वाट लावली. दोष त्याचा नव्हता, शेपटीचा होता. शेपटी म्हणजे झालरीचा झाडूच होता, तो सतत हलायचा, आणि आमच्या घरात शेपटी हलवायला जागाच नव्हती. पाण्याच्या पिंपावर ती ढोल वाजवल्यासारखी आपटायची. वाळत घातलेले कुळीथ त्याने एका फेरीत मोरीत पोचवले. तावडेकाकींच्या पापडांवरून तो इकडून तिकडे गेला आणि उरलेले खाऊन परत आला. काकी दारात येऊन म्हणाल्या, "वहिनी, घोडा पाळा नाहीतर हत्ती पाळा, पण बांधून ठेवा हो." साखळी खाटेच्या पायाला बांधली. तो खाटेसकट दारापर्यंत आला. खाटेवर बाबा झोपले होते.

साहेबांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती, रोज पहाटे तासभर मोकळं पळवायचं. पहिल्या दिवशी बाबा गेले. अर्ध्या तासाने एक चप्पल हातात आणि एक पायात अशा अवस्थेत, गुडघा फोडून घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्यांची कंबर धरली. आईची सकाळची शाळा. प्रश्न आला, नेणार कोण? मी श्वास रोखून उभी होते.

"शुभा? एकटी? त्या टेकडीवर?" आई म्हणाली.

"एकटी खय गो?" आत्या तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "एवढो मोठो कुत्रो नाय तिच्या वांगडा? तेका बघून वाघ पळात."

अशी माझी टेकडी मला परत मिळाली. शाळेचे कॅनव्हासचे बूट घालून मी पाचला बाहेर पडायची. पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनच्या कडेकडेने जाऊन, पलीकडे गवताचा माळ लागला की साखळी सोडायची. तांबू सुटायचा तो दिसेनासाच व्हायचा. मग गवत हलायचं, आणि भलत्याच बाजूने तो माझ्या अंगावर येऊन पुन्हा निघायचा. मी एक फेरी मारली की त्याच्या दहा व्हायच्या. मी ओरडायची, हसायची, धापा टाकत दगडावर बसायची. मला बघणारं तिथे कुणीच नसायचं. घरी परतलो की त्याच्या पायांच्या झालरीत कुसळंच कुसळं. आत्या त्याला उंबऱ्यात बसवून स्वतःच्या फणीने ती काढायची. आईने ते पाहिलं तेव्हा आठवडाभर त्या फणीला हात लावला नाही.

महिना संपल्यावर तांबू राहणार की जाणार, यावर माझी टेकडी राहणार की जाणार हे ठरणार होतं. हे मला कळत होतं आणि मी देवाला रोज तेच मागत होते. देवानेही लगेच हात दिला म्हणायचा.

आमचा देव्हारा बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात, भिंतीला ठोकलेल्या फळीवर होता. आत्या सकाळी पूजा करून तिथे गाऱ्हाणं घालायची. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, एकाने उभं राहून देवाला मोठ्याने, ठसक्यात आपलं म्हणणं सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गावी देवळात हे होतं. आत्याने ते मुंबईत दोन खोल्यांत आणलं होतं. बाबांची बढती, माझी परीक्षा, नवा कुकर, काहीही असलं तरी गाऱ्हाणं. आणि तिचा नियम कडक होता, घरातल्या प्रत्येकाचा 'व्हय' यायला हवा. एकाचा जरी राहिला तरी गाऱ्हाणं देवापर्यंत जात नाही. तापात असतानासुद्धा मी अंथरुणातून 'व्हय म्हाराजा' म्हटलेलं आहे.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी आत्याने घंटा वाजवली आणि तांबू देव्हाऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. नुसता उभा नाही. अंग ताठ, मान पुढे, शेपटी मागे सरळ, आणि पुढचा एक पाय दुमडून वर उचललेला. जो कुत्रा झोपेतही हलायचा तो दगडासारखा स्तब्ध. आत्याचं अख्खं गाऱ्हाणं होईपर्यंत त्याने पापणी हलवली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आईने शाळेला उशीर करून पाहिलं. चौथ्या दिवशी तावडेकाकी पाहायला आल्या आणि जाताना म्हणाल्या, "नमस्कार करतो हो तो! कुणीतरी पुण्यवान आत्मा असणार." पापडांचं नावही निघालं नाही. पाचव्या दिवशी काकी जास्वंदीची फुलं घेऊन आल्या, एक देवाला, एक तांबूला. मग चाळीतल्या बायका पूजेच्या वेळेला दारात गर्दी करू लागल्या. आई, जी त्याला 'तो प्राणी' म्हणायची, ती त्याच्या भातात सुक्या मासळीचं कालवण घालू लागली. असला कुत्रा कुणी घालवून देतं का?

मी माळ्यावर कोकमाची बरणी काढायला चढले तेव्हा मला पुण्यवान आत्मा दिसला. देव्हाऱ्याच्या बरोब्बर वर, भिंत आणि कौलं यांच्या फटीत, कबुतरीण अंड्यांवर बसली होती. घंटा वाजली की तीच फडफडत असणार. मी खाली पाहिलं. तांबू पाय उचलून तिच्याकडे बघत होता. मी बरणी घेतली, खाली उतरले आणि कुणाला काही बोलले नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी एका पुस्तकात वाचलं की या जातीचा धंदाच तो. शिकाऱ्याबरोबर माळ तुडवायचा, पक्ष्याचा वास लागला की जागच्या जागी थिजून नाकाने दिशा दाखवायची. त्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या त्यांना तसं घडवलंय. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं, पण कबुतर आणि देव यातला फरक कळत होता. रोज सकाळी बायका हात जोडायच्या तेव्हा माझे कान गरम व्हायचे. पण पहाटेची टेकडी आठवली की तोंड आपोआप बंद.

तिसऱ्या आठवड्यात मला ताप आला. बाबांनी कसाबसा कुत्रा कोपऱ्यापर्यंत नेऊन आणला, आई शाळेत गेली, बाबा कारखान्यात. मी खाटेवर पडून होते आणि पहिल्यांदाच तांबूचा अख्खा दिवस पाहिला. तोवर मी त्याला फक्त पहाटे पाहत होते आणि संध्याकाळी. दारापासून मोरीपर्यंत तो सात पावलं चालायचा. मोरीपाशी वळायचा, पुन्हा सात पावलं. नखांचा टकटक आवाज फरशीवर. मग देव्हाऱ्यासमोर जायचा, पाय उचलून उभा राहायचा, आणि मला जवळून दिसलं की तो स्तब्ध वगैरे नव्हता, त्याचं सगळं अंग आतून थरथरत होतं. मग पुन्हा सात पावलं. दुपारी तो खाटेखाली शिरला आणि पुढचा पाय चाटत बसला. चाटत बसला, चाटत बसला. मी वाकून झालर बाजूला केली. आत रुपयाएवढी जागा सोलवटून लाल झाली होती. ती जखम आजची नव्हती. आत्या पलीकडे गोधडी शिवत होती. तिने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा सुई घातली.

मला रडू आलं. मला त्याची दया आली हे खरं, पण आता मला काय करावं लागणार हे कळलं म्हणूनही आलं. पंधराव्या वर्षी माणूस इतकं आपमतलबी असतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी साहेब जीप घेऊन उत्तर विचारायला येणार होते. सकाळी आत्याने नारळ ठेवला, आम्हाला ओळीने उभं केलं. दारात तावडेकाकी होत्याच. तांबू पाय उचलून आपल्या जागी. आत्याने डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज जो काय ह्यो तांबू तुझ्या पायाकडे रोज उभो रवता, तेका आज आम्ही ह्या घरात आपलो म्हणान ठेवतंव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबा, आई, काकी.

"तेका हयसर सुखात ठेव, तेची इडापिडा टाळ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आत्याने डोळे उघडले. तिला तीनच आवाज ऐकू आले होते आणि त्यातला एक तर शेजारचा होता. "शुभा," ती म्हणाली, "तुझो व्हय खय हा?"

मी वर कौलांकडे बोट दाखवलं. "आत्या, तो देवाकडे नाही बघत. कबुतराकडे बघतो. वर घरटं आहे."

आई म्हणाली, "काहीतरीच काय गं!" काकींनी जोडलेले हात हळूच सोडले. मी थांबले असते तर पुन्हा बोलू शकले नसते, म्हणून तांबूचा पाय धरून झालर वर केली आणि सगळ्यांना दाखवलं. "हा दिवसभर नुसता फेऱ्या मारतो. आणि हे बघा. तो इथे सुखात नाही. खोटं कसं म्हणू मी?"

बाबा खाकरले. भिंतीकडे बघत म्हणाले, "कबुतराचं मला माहीत होतं. कौल सारखं करायला चढलो होतो तेव्हा पाहिलं." साहेबांना नाही म्हणायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं, म्हणून ते गप्प बसले होते.

आम्ही सगळे आत्याकडे बघायला लागलो. देवाच्या नावाने फसवलं म्हणून आता ती काय करते, याची मला खरी भीती वाटत होती. तिने नारळ खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसली.

"माका काय कान नाय?" ती म्हणाली. "रोज सकाळी डोक्यार घुमता ता कबुतर. पयल्या दिसापासून म्हायत असा माका."

"मग बोलली का नाहीस?" आईने विचारलं.

"कुत्रो ऱ्हवलो तर चेडू भायर पडात, म्हणान." चेडू म्हणजे घरातली मुलगी, म्हणजे मी. मग तिने तांबूला जवळ ओढलं आणि जखमेवर हात ठेवला. "ह्याचा पण दिसत होता. दिवसभर माझ्याच समोर असता ना तो. मिया म्हटलंय, होतली सवय. गावाक मी सूर्य उगवायच्या आधी नदीपलीकडच्या मळ्यात असायचंय. हयसर इलंय तेव्हा मिया पण अशीच फिरलंय, दारापासून मोरीपर्यंत. माका झाली सवय. तेका पण होतली, असा वाटला."

आई आत गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली. आत्याने पुन्हा नारळ उचलला, पुन्हा डोळे मिटले आणि गाऱ्हाणं बदललं. जो काय तांबू ह्या घरातून जाता हा, तेका मोकळा रान मिळूदे, भरपूर धावूदे म्हाराजा. या वेळी माझा आवाज सगळ्यांच्या वर होता.

संध्याकाळी जीप आली. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा एका साहेबाला "नाही जमणार" असं म्हटलं, तेही तीनदा माफी मागून. तांबूने जीपमध्ये उडी मारली, तोंड वाऱ्याकडे केलं आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. तावडेकाकींनी वाटेसाठी एक पापड दिला होता, तो मात्र त्याने खाल्ला.

मिहिकाला हे सगळं मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे नाही, असंच ना आजी?" मी म्हटलं, मी नाही म्हणत नाही. महिनाभर रोज पहाटे पाचला उठून तू एकटी तासभर पळून ये, पाऊस असो, परीक्षा असो. मग आपण तुझ्या कुत्र्याचं गाऱ्हाणं घालू, आणि त्यात व्हय म्हणायचं की नाही ते तूच ठरव. आज सहावा दिवस. काल ती सव्वासहाला उठली.

तांबू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीने मला जाग आली. स्टोव्हचा पंप चालू होता. मी पडूनच राहिले. साखळी खुंटीला होती, बूट दाराशी होते, आणि आता कुठल्या तोंडाने बाहेर पडायचं हा प्रश्न होता. आई जागी असल्याचं मला तिच्या बांगड्यांवरून कळत होतं, पण ती काही बोलली नाही. एवढ्यात आत्या आली. तिने दाराची कडी काढली, दार सताड उघडलं आणि पायाने माझे बूट माझ्याकडे सरकवले.

"कुत्रो गेलो म्हणान तुझे पाय पण गेले काय गो?"

मी उठले. बुटांची नाडी बांधून वर पाहिलं तर आत्या पदर कमरेला खोचून दाराबाहेर उभी होती, अनवाणी, माझ्याआधी निघालेली.